जुन्या प्रणालीकडे परतताना

देवास जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर, नर्मदेच्या उत्तर तीरावर नेमावर वसले आहे. सिद्धनाथाच्या प्राचीन मंदिरामुळे आणि नर्मदेचे नाभिस्थान या श्रद्धेमुळे परिक्रमावासीयांना हे गाव चांगले ठाऊक असते. समोरच्या तीरावर हंडिया. इंदूरहून हरद्यामार्गे बैतूलकडे जाणारा राजमार्ग येथेच नदी ओलांडतो. इंदूर येथून सुमारे १३० किलोमीटर दूर. अशा गावी दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरच्या टेबलावर संगणक येतो, तेव्हा शहरातील डॉक्टरला सहसा न पडणारी एक विवंचनाही त्याच्याबरोबर येते. यंत्र बिघडले तर फोन करताच अभियंता दारात उभा राहील, अशी शाश्वती येथे नसते. यंत्र गाडीत घालून न्यावे लागते आणि त्यापायी एका दिवसाची ओपीडी बुडते.

म्हणूनच मोठ्या रुग्णालयाला केवळ तांत्रिक वाटणारा एक प्रश्न लहान गावातील डॉक्टरच्या दृष्टीने व्यवसायाचाच प्रश्न होऊन बसतो. संगणकावर आलेली नवी कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, त्रासदायक ठरू लागली, तर ती काढून आधीची बसवावी काय? बसवायची तर कशी, आणि कोणत्या अटींवर?

हा प्रश्न संगणकतज्ज्ञांवर सोपवून आपण मोकळे होऊ नये, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कारण त्याचे उत्तर शोधण्याची रीत आपल्याच शास्त्रात आहे. नवे औषध सोसले नाही, तर जुन्याकडे परतणे हा आपल्या नित्याच्या व्यवहाराचा भाग आहे. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक १९९९ साली मोठ्या गाजावाजाने बाजारात आले आणि हृदयविकाराच्या धोक्यामुळे ३० सप्टेंबर २००४ रोजी जगभरातून मागे घेतले गेले. तेव्हा आपण सर्वजण निमूटपणे जुन्या वेदनाशामकांकडे वळलो. त्याआधी, २००२ च्या डिसेंबरात, ‘ऑलहॅट’ या उच्च रक्तदाबावरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. ३३ हजारांहून अधिक रुग्णांच्या त्या तुलनेत क्लोरथॅलिडोन हे जुने आणि स्वस्त औषध नव्या औषधांच्या तुलनेत उणे ठरले नाही. तेव्हा मागे फिरण्यात कमीपणा नाही. मात्र कोणतेही औषध बदलताना आपण निदान, पूर्वतयारी आणि पुढील तपासणीची तारीख या तीन गोष्टी सोडत नाही. संगणकाच्या बाबतीत नेमक्या याच तीन गोष्टी सुटतात.

व्हिस्टाचे प्रकरण

या विषयातील सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे विंडोज व्हिस्टा. मायक्रोसॉफ्टची विंडोज एक्सपी ही प्रणाली २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. तिच्यानंतरची व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती पडावयास ३० जानेवारी २००७ उजाडला. या सव्वापाच वर्षांत एक्सपी घरोघरी आणि दवाखान्यादवाखान्यांत रुजली होती. प्रिंटर, स्कॅनर, ईसीजी यंत्राची जोडणी, औषधांच्या दुकानातील हिशेबाचे सॉफ्टवेअर, सारे काही तिच्याशी जुळवून घेतलेले होते.

व्हिस्टा आली ती जड पावलांनी. तिच्या चांगल्या आवृत्त्यांसाठी किमान एक गिगाबाइट मेमरी हवी होती, आणि त्या काळच्या स्वस्त संगणकांत अनेकदा तिच्या निम्मीच असे. प्रत्येक महत्त्वाच्या बदलापूर्वी पडद्यावर ‘परवानगी आहे काय’ अशी पृच्छा होई. सर्वांत मोठी अडचण ड्रायव्हरची होती. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि प्रणाली यांच्यामधला दुभाषा. व्हिस्टाने ही दुभाष्यांची व्यवस्थाच बदलली होती. त्यामुळे ज्या जुन्या उपकरणासाठी नवा ड्रायव्हर आला नाही, ते उपकरण धडधाकट असूनही मुके झाले. ‘व्हिस्टासाठी सक्षम’ असे लेबल लावून विकलेले संगणक प्रत्यक्षात तिचे खरे रूप पेलू शकत नाहीत, अशा तक्रारीवरून अमेरिकेत २००७ साली न्यायालयीन दावाही दाखल झाला होता.

साहजिकच लोक मागे फिरू लागले. हे मागे फिरणे चोरटे नव्हते, याचा पुष्कळांना पत्ता नसतो. व्हिस्टाच्या बिझनेस आणि अल्टिमेट या आवृत्त्यांच्या परवान्यातच एक्सपी प्रोफेशनल वापरण्याची मुभा दिलेली होती. घरगुती आवृत्त्यांना मात्र ती नव्हती. एक्सपीची विक्री थांबविण्याची मुदतही कंपनीला ३० जून २००८ पर्यंत पुढे ढकलावी लागली, आणि लहान आकाराच्या स्वस्त लॅपटॉपसाठी ती त्यानंतरही चालू राहिली.

जुने ते सोने?

येथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु जी एक्सपी २००७ साली सर्वांना खात्रीची वाटत होती, ती जन्मतः तशी नव्हती. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाच्या संगणककृमीने जगभरातील असंख्य एक्सपी संगणक वारंवार बंद पाडले होते. प्रणालीची संरक्षक भिंत आपोआप चालू राहण्याची सोय २००४ साली दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर आली, आणि त्यानंतरच एक्सपी खऱ्या अर्थाने सुदृढ झाली. व्हिस्टाशी तुलना करताना लोक सहा वर्षे दुरुस्त होत आलेल्या प्रणालीची तुलना नवजात प्रणालीशी करीत होते.

दुसरी बाजूही पाहावी. विंडोज ७ ही २२ ऑक्टोबर २००९ रोजी आलेली आणि सर्वांच्या पसंतीस उतरलेली प्रणाली व्हिस्टाच्याच पायावर उभी होती. व्हिस्टासाठी लिहिलेले ड्रायव्हर बहुतांशी तिला उपयोगी पडले. व्हिस्टाच्या वाट्याला शिव्या आल्या आणि तिच्या कष्टाचे फळ धाकटीला मिळाले, असे घराघरांत घडते तेच येथेही घडले.

मराठीपुरते बोलावयाचे तर व्हिस्टा एक्सपीपेक्षा सरसच होती. युनिकोड पद्धतीची देवनागरी व्हिस्टात आरंभापासून तयार असे. एक्सपीत ती वेगळी सुरू करावी लागे, आणि त्यासाठी बहुधा मूळ सीडी शोधावी लागे. परत एक्सपीवर गेलेल्या कित्येकांना आपलेच मराठी मजकूर चौकोनांच्या रांगांसारखे दिसले, त्याचे कारण हेच.

आपल्या मालव्याशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, त्या कालिदासाने ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधाराच्या तोंडी हाच विचार घातला आहे. केवळ जुने म्हणून सारे चांगले नसते आणि नवे म्हणून सारे त्याज्य नसते. जाणता माणूस पारखून निवडतो, असा त्याचा आशय आहे. तेथे प्रश्न नाटकाचा होता, येथे संगणकाचा आहे. पारखण्याची गरज तीच.

प्रथम निदान

संगणक मंद झाला, मध्येच थांबला, की दोष प्रणालीच्या माथी मारण्याची रीत आहे. ताप म्हणजे मलेरिया असे मानून क्लोरोक्विन देण्यासारखेच हे आहे. मेमरी अपुरी असेल, हार्ड डिस्क झिजत आली असेल, पंख्यात धूळ साचून यंत्र तापत असेल, विजेचा दाब खालीवर होऊन वीजपुरवठ्याचा भाग दुबळा झाला असेल, तर जुनी प्रणाली बसवूनही रोग जागच्या जागी राहील. मरू घातलेल्या हार्ड डिस्कवर प्रणाली बदलण्याचा खटाटोप करणे तर थेट जिवावर बेतणारे. त्यात रुग्णांची माहितीच जाते.

म्हणून चार प्रश्न आधी विचारावेत. त्रास नेमका कधीपासून आहे. प्रणाली बदलल्यापासून, की नवे उपकरण जोडल्यापासून? एकाच कामात आहे की सर्वच कामांत? मेमरी वाढवून किंवा ड्रायव्हर बदलून तो जातो काय? आणि ज्या जुन्या प्रणालीकडे जावयाचे, तिला या यंत्राचे सुटे भाग ओळखता येतात काय? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. व्हिस्टासह आलेल्या अनेक लॅपटॉपवर एक्सपी बसविताना तिला हार्ड डिस्कच दिसत नसे, किंवा निळा पडदा येऊन काम थांबे. कारण त्या डिस्कची नवी जोडणी एक्सपीच्या सीडीला ठाऊक नव्हती. बायॉसमध्ये जाऊन जोडणीची पद्धत बदलणे किंवा योग्य ड्रायव्हर आधीच पुरविणे हा त्यावरचा उपाय होता. उत्पादकाने त्या मॉडेलसाठी जुन्या प्रणालीचे ड्रायव्हर दिलेच नसतील, तर परतीचा विचार तेथेच सोडावा.

शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

निदान पक्के झाले, तरी जुनी प्रणाली बसविणे ही लहान शस्त्रक्रिया नव्हे. बहुतेक वेळा हार्ड डिस्क पुसून नव्याने आरंभ करावा लागतो. तेव्हा क्रम असा ठेवावा.

पहिली गोष्ट, रुग्णांच्या नोंदी, हिशेब, सोनोग्राफीची चित्रे आणि पत्रव्यवहार यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी घ्याव्यात. त्यांतील एक दवाखान्याबाहेर राहावी. दुसरी गोष्ट, प्रत घेतली एवढ्यावर समाधान न मानता ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे कधीही न तपासलेला ऑक्सिजन सिलिंडर. तिसरी गोष्ट, सध्याच्या प्रणालीच्या पुनःस्थापनेची साधने तयार करून ठेवावीत. म्हणजे जुनी प्रणाली रुजली नाही तर निदान आज आहोत तेथे परत येता येईल. चौथी गोष्ट, दवाखान्यातील प्रत्येक सॉफ्टवेअरची मूळ सीडी किंवा फाइल आणि तिचा परवाना क्रमांक एका कागदावर लिहून काढावा. पाचवी गोष्ट, हे काम सुट्टीच्या आदल्या दिवशी सायंकाळी हाती घ्यावे, सोमवारी सकाळी रुग्ण दाराशी बसलेले असताना नव्हे.

या नोंदींचे महत्त्व कायद्यानेही ठरवून दिले आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचाराच्या आरंभापासून तीन वर्षे जपाव्या लागतात, आणि रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालील सोनोग्राफीच्या नोंदींना किमान दोन वर्षांचे बंधन आहे, आणि प्रकरण न्यायालयात असेल तर ते संपेपर्यंत. ‘संगणक बदलताना गेले’ हे उत्तर तेथे चालत नाही.

उघडते, पण वाचता येत नाही

मालव्यात स्थिरावलेल्या मराठी घरांना एक अनुभव नवा नाही. धार-देवासचे पवार, इंदूरचे होळकर, उज्जैन-ग्वाल्हेरचे शिंदे यांच्या कारभारामुळे अठराव्या शतकापासून आपली घराणी या प्रदेशात आली. त्यांतील काहींच्या ट्रंकेत आजही मोडी लिपीतील कागद असतात. कागद शाबूत, शाई शाबूत, पण घरात वाचणारे कोणी उरलेले नाही. नोंद जपली गेली आणि तिचा अर्थ हातचा गेला.

संगणकावरही नेमके असेच घडते. युनिकोडपूर्व काळात आपण श्री-लिपी किंवा त्यासारख्या निरनिराळ्या फाँटांत मराठी टंकलेखन करीत असू. त्यातील मजकूर तो विशिष्ट फाँट नसलेल्या संगणकावर उघडला, तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची गर्दी दिसते. जुन्या दवाखाना-सॉफ्टवेअरमधील नोंदीही बहुधा त्याच सॉफ्टवेअरला कळतात. म्हणून प्रणाली बदलण्यापूर्वी, मग ती नवी असो वा जुनी, महत्त्वाच्या नोंदी सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपात काढून ठेवाव्यात. केसपेपरच्या पीडीएफ प्रती, रुग्णांच्या याद्या साध्या तक्त्यांत, मराठी मजकूर युनिकोडमध्ये. हे काम कंटाळवाणे आहे खरे; परंतु यंत्राच्या आयुष्यापेक्षा रुग्णाचे आयुष्य मोठे असते, आणि दहा वर्षांपूर्वीची पेनिसिलिनची ॲलर्जी आज वाचता आली नाही, तर त्याची किंमत संगणक मोजत नाही.

जुन्यालाही मुदत असते

औषधाच्या वेष्टनावर जशी मुदत छापलेली असते, तशी प्रणालीलाही असते. फक्त ती वेष्टनावर दिसत नाही. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी संपली. त्यानंतर तिच्यात सापडणाऱ्या सुरक्षेच्या छिद्रांना ठिगळे लावण्याचे काम सर्वसामान्य ग्राहकांपुरते थांबले. तरीही असंख्य दवाखान्यांत ती चालूच राहिली, कारण तिच्याशी जोडलेले एखादे महागडे यंत्र दुसऱ्या प्रणालीवर चालत नव्हते.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत इंग्लंडमधील सुमारे एक तृतीयांश रुग्णालय-ट्रस्टांच्या कामकाजाला झळ पोहोचली. १९ हजारांहून अधिक भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्याचा तेथील अंदाज आहे. या घटनेचा दोष तेव्हा सर्रास एक्सपीला दिला गेला. पुढील चौकशीत मात्र दिसले की बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ चे होते. त्या प्रणालीसाठी दुरुस्ती मार्च महिन्यातच उपलब्ध झाली होती. ती बसविली गेली नव्हती. यातून मिळणारा बोध दुहेरी आहे. ज्या प्रणालीला लसच मिळत नाही ती धोक्याची. आणि जिला लस मिळते पण टोचली जात नाही, तीही तितकीच.

आपल्या देशातही हा धडा मिळाला. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर अशाच हल्ल्याने बंद पडले आणि सुमारे दोन आठवडे नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे हाताने करावी लागली. नेटवर्कची योग्य विभागणी नसणे हे त्याचे कारण असल्याचे सरकारने पुढे संसदेत सांगितले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर विलगीकरण कक्षच नव्हता.

आजचा प्रश्न

व्हिस्टाचा काळ मागे पडला, पण प्रश्न तोच नव्या नावाने परत आला आहे. विंडोज ११ ही ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिला सुरक्षेची ठरावीक चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे कित्येक संगणक तिच्या दाराबाहेरच राहिले. जे आत गेले त्यांतील काहींना विंडोज १० च बरी होती असे वाटले. अद्ययावत केल्यानंतर पहिल्या दहा दिवसांत एका बटणाने मागे जाण्याची सोय त्यात आहे. नंतर जुन्या प्रणालीच्या फाइली आपोआप पुसल्या जातात आणि मग सारे नव्याने बसवावे लागते. म्हणून बदलानंतरचा पहिला आठवडा हा निरीक्षणाचा काळ समजावा. प्रिंटर, ईसीजी, प्रयोगशाळेची जोडणी, मराठी टंकलेखन, बिलाचा कागद, सारे त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.

मात्र विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेपुरती वाढीव मुदत देण्यात आली, तीही आरंभी एकाच वर्षाची. तेव्हा आज तिच्याकडे परतणारा डॉक्टर दीर्घकालीन उपचार निवडीत नाही. तो उसंत मिळवीत आहे. उसंत मिळविण्यात गैर काही नाही, फक्त ती कशासाठी आणि किती दिवसांची हे ठाऊक असावे.

जेथे जुन्या प्रणालीविना गत्यंतरच नाही, तेथे तीन मध्यममार्ग आहेत. पहिला विलगीकरणाचा. जुने एक्स-रे वा ईसीजी यंत्र ज्या संगणकावर चालते, तो इंटरनेटपासून पूर्णपणे तोडावा, त्यावर दुसरे कोणतेही काम करू नये, आणि त्यात जाणारा प्रत्येक पेनड्राइव्ह आधी तपासावा. दुसरा मार्ग म्हणजे नव्या प्रणालीच्या पोटात जुनी चालविणे. विंडोज ७ च्या व्यावसायिक आवृत्तीसाठी २००९ साली ‘एक्सपी मोड’ नावाने हीच सोय दिली गेली होती. आज इतर आभासी यंत्रांद्वारे ती मिळते, मात्र प्रत्येक उपकरण तिच्यातून बोलेलच असे नाही. तिसरा मार्ग लिनक्सचा. सी-डॅक या आपल्याच संस्थेने ‘बॉस’ नावाने भारतीय भाषांसह तिची एक आवृत्ती तयार केली आहे. दुबळ्या जुन्या संगणकावर केवळ पत्रव्यवहार आणि इंटरनेट पाहावयाचे असेल, तर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती पुष्कळ काळ साथ देते.

संगणकाचाही केसपेपर

शेवटी एक सूचना, जिला खर्च काही नाही. दवाखान्यातील प्रत्येक संगणकासाठी एक वही ठेवावी. पहिल्या पानावर यंत्राचे मॉडेल, खरेदीची तारीख, मेमरी, प्रणाली आणि तिची देखभाल संपण्याची तारीख. पुढे प्रत्येक बदलाची नोंद: काय त्रास होता, काय केले, कोणी केले, प्रत कोठे ठेवली आणि पुन्हा केव्हा पाहावयाचे. नेमावर, खातेगाव किंवा कन्नौदसारख्या ठिकाणी अभियंता सहा महिन्यांनी येतो आणि दर वेळी नवा येतो; तेव्हा ही वही रेफर केलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीइतकीच उपयोगी पडते. जुन्या प्रणालीकडे परतल्याची नोंद करताना पुढील तपासणीची तारीख रिकामी ठेवू नये.

ही स्मरणिका बाजूला ठेवल्यावर डॉक्टर बंधु-भगिनींनी एवढे अवश्य करावे. पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या रुग्णाचा केसपेपर, सुरक्षित म्हणून ठेवलेल्या प्रतीतून, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. तो पूर्ण उघडला आणि वाचता आला, तर प्रणाली नवी ठेवावी की जुनी, हा निर्णय सवडीने घेता येईल. तो उघडला नाही, तर प्रणालीचा विचार तूर्त बाजूला ठेवून आधी त्या नोंदींकडे वळावे.